पाँडिचेरी सोडणारा, दूध पिणारा फ्रेंच पंतप्रधान: पिएर मेंदेस फ्रान्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कोण? नाव कधी ऐकलं नाही.

साहजिक आहे. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात नेपोलियन असतो, फार तर द गॉल, हा नसतो. पिएर मेंदेस फ्रान्स, जन्म ११ जानेवारी १९०७, पॅरिस. जून १९५४ ते फेब्रुवारी १९५५ फ्रान्सचा पंतप्रधान, म्हणजे जेमतेम साडेसात महिने. तेवढ्यात त्याने व्हिएतनाममधलं जवळपास आठ वर्षं चाललेलं फ्रेंच युद्ध थांबवलं, ट्युनिशियाला स्वराज्याचा शब्द दिला, पाँडिचेरी भारताकडे सोपवलं आणि शाळेतल्या पोरांना दूध पाजलं. बाकीच्यांचं साडेसात महिन्यात बंगल्याला रंग देऊन होत नाही. फ्रान्समध्ये त्याला नुसतं आद्याक्षरांनी ओळखतात, पे-एम-एफ.

आडनावातच फ्रान्स? हे टोपणनाव आहे का?

नाही हो, खरं आडनाव आहे, 'मेंदेस फ्रान्स' असं पूर्ण. घराणं मूळचं पोर्तुगालमधलं ज्यू, तिथल्या धर्मछळातून निसटून सतराव्या शतकात बोर्दोकडे आलेलं. ज्या इन्क्विझिशनच्या भीतीने ही माणसं लिस्बनकडून पळाली त्याचीच एक शाखा गोव्यात १५६० पासून होती, त्यामुळे गोव्याच्या वाचकांना हा संदर्भ वेगळा समजावून सांगायला नको. वडील कपड्यांच्या धंद्यात होते, खाऊनपिऊन सुखी घर. पण गंमत बघा, आडनावात देशाचं नाव असलेल्या या माणसाला विरोधक आयुष्यभर 'तू खरा फ्रेंच नाहीसच' असं ऐकवत राहिले.

पंतप्रधान होता की प्रेसिडेंट? काही ठिकाणी प्रेसिडेंट लिहिलेलं दिसतं.

पंतप्रधानच. घोळ असा होतो की तेव्हाच्या चौथ्या प्रजासत्ताकात (१९४६ ते १९५८) सरकारच्या प्रमुखाला 'मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष' म्हणायचे, आणि देशाचा राष्ट्रपती वेगळा, आपल्यासारखाच बराचसा मानाचा. खरी सत्ता संसदेकडे. आणि संसद कशी, तर बारा वर्षांत वीसच्या वर सरकारं. युती, फाटाफूट, रात्रीतून पाठिंबा काढणं, हे सगळं आपल्याला २०१९ नंतर महाराष्ट्रात जे बघायला मिळालं त्याने आश्चर्य वाटणार नाही, फक्त तिकडे हे दर सहा महिन्यांनी चालायचं.

शिक्षण, सुरुवात वगैरे?

हुशार पोरगा. सोळाव्या वर्षी रॅडिकल पार्टीत, कायद्याची डिग्री, त्या काळी फ्रान्समधला सगळ्यात तरुण वकील, डॉक्टरेटचा विषय पंतप्रधान प्वँकारेचं आर्थिक धोरण. (रॅडिकल नावावर जाऊ नका, मध्यममार्गी पक्ष होता तो, जुनी खोडं भरलेला.) १९३२ मध्ये नॉर्मंडीतल्या अर जिल्ह्यातून खासदार, वय २५, सभागृहात सगळ्यात लहान. १९३५ मध्ये तिथल्याच लुव्हिए गावाचा मेयर. १९३८ मध्ये समाजवादी नेता लेऑं ब्लूमच्या जेमतेम महिनाभर टिकलेल्या दुसऱ्या सरकारात तिजोरी खात्याचा उपमंत्री. पैशाचं गणित ही त्याची आयुष्यभराची आवड, आणि तीच लोकांना बोअर व्हायची.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला एकट्याने विरोध केला हे खरं का?

खरं. हिटलरच्या बर्लिनमध्ये खेळाडू पाठवायला पैसे मंजूर करायचा विषय संसदेत आला तेव्हा विरोधात मत पडलं एक, त्याचं. बऱ्याच जणांनी मतच दिलं नाही, ते वेगळं. सभागृहात डावे होते, शांततावादी होते, हिटलरवर रोज भाषणं ठोकणारे पण होते.

तुरुंगातून पळाल्याचा किस्सा सांगा ना, तो प्रेमी युगुलाचा.

हा प्रश्न येणारच होता. आधी मागचं थोडं. १९४० मध्ये तो हवाई दलात होता. फ्रान्स कोसळत होता तेव्हा लढाई उत्तर आफ्रिकेतून चालू ठेवू म्हणून काही खासदार 'मासिलिया' नावाच्या जहाजाने मोरोक्कोला निघाले, त्यात हा. इकडे मार्शल पेताँने जर्मनांपुढे शरणागती पत्करली, त्यांच्या कलाने चालणारं त्याचं विशी सरकार आलं, आणि जे लढायला निघाले होते त्यांच्यावरच पळपुटेपणाचा आरोप. ज्यू, डावीकडे झुकलेला, ब्लूमचा माणूस, सगळंच जुळून आलं. मे १९४१ मध्ये क्लेरमों-फेराँच्या लष्करी कोर्टाने सहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

२१ जून १९४१ च्या रात्री तो निसटला. भिंतीवर चढला, आता खाली उडी मारायची, तर बरोबर खाली झाडाजवळ एक जोडपं. मुलगा मनधरणी करतोय, मुलगी नाही-हो नाही-हो करतेय, आणि हा वर भिंतीला चिकटून बसलाय, श्वास रोखून. शेवटी एकदाची ती तयार झाली, दोघं निघून गेले आणि याने उडी मारली. पुढे म्हातारपणी एका मुलाखतीत त्याने हे हसत हसत सांगितलं, की त्या क्षणी त्या मुलापेक्षा आनंद मलाच जास्त झाला होता. पुढे नाव बदललं, मिशा वाढवल्या, लपतछपत स्वित्झर्लंड, स्पेन, पोर्तुगाल करत १९४२ च्या सुरुवातीला लंडन. आणि तिथे जर्मनांशी लढा चालू ठेवणारा जनरल द गॉल म्हणतोय ऑफिसात बस, तर हा म्हणे आधी विमानातून लढणार, माझ्यावर पळपुटेपणाचा डाग आहे. 'लोरेन' नावाच्या फ्रेंच बाँबर तुकडीतून त्याने खरंच मोहिमा केल्या.

मग द गॉलचा माणूस झाला की. पुढे बिनसलं कशावरून?

पैशावरून, दुसरं काय. नोव्हेंबर १९४३ मध्ये द गॉलने त्याला अल्जीअर्सला बोलावून अर्थखातं दिलं, जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स परिषदेत (हो, जिथे जागतिक बँक आणि आयएमएफचा जन्म झाला तीच) फ्रेंच शिष्टमंडळाचा प्रमुख हाच होता. युद्ध संपत आल्यावर त्याचं म्हणणं होतं की बाजारात नोटा भरमसाठ झाल्यात, काळ्या बाजारवाल्यांनी पोती भरलीत, तर जुन्या नोटा बदलून घ्या, खाती गोठवा, पोट थोडं आवळा, नाहीतर महागाई वर्षानुवर्षं छळेल. आपल्याला २०१६ नंतर नोटा बदलणं म्हटलं की घाम फुटतो, पण तिथे युद्धाने चलनच फुगलं होतं आणि शेजारी बेल्जियमने असंच काहीतरी करून दाखवलं होतं. दुसरा मंत्री रने प्लेव्हाँ म्हणाला लोकांनी आधीच खूप सोसलंय, आता नको. द गॉलने प्लेव्हाँची बाजू घेतली. याने एप्रिल १९४५ मध्ये राजीनामा दिला. महागाईने पुढे खरंच छळलं, पण 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणणारा माणूस कोणाला आवडतो.

पंतप्रधानपद कसं मिळालं?

पहिल्यांदा मिळालंच नाही. जून १९५३ मध्ये प्रयत्न केला, ३१४ मतं लागत होती, ३०१ मिळाली. त्याच भाषणात ते प्रसिद्ध वाक्य आहे, की राज्य करणं म्हणजे निवड करणं. म्हणजे युद्धही हवं, घरंही हवीत, करकपातही हवी असं चालणार नाही, एक धरा एक सोडा. इंडोचायनाबद्दल (म्हणजे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) तर १९५० पासून हेच सांगत होता, की जिंकायचं असेल तर तिप्पट सैन्य आणि पैसा ओता, नसेल ओतायचा तर तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या नेत्याशी, होची मिन्हशी, बोला, मधलं काहीच नाही. लोक मधलंच करत राहिले.

मग ७ मे १९५४ ला व्हिएतनाममधला फ्रेंच तळ दिएन बिएन फू पडला, सुमारे दहा हजार सैनिक कैदेत गेले. सरकार गडगडलं. १८ जूनला पहाटे हा निवडून आला, ४१९ विरुद्ध ४७. आणि येताना अशी अट घातली की सगळे चाटच पडले: २० जुलैपर्यंत युद्धबंदी झाली नाही तर मी राजीनामा देतो. महिनाभर! वर कम्युनिस्टांनी पाठिंबा दिला तर म्हणे तुमची मतं मी मोजणारच नाही, कारण समोर वाटाघाटीला बसलेल्यांना असं वाटायला नको की हा आपल्याच माणसांच्या जिवावर उभा आहे.

स्वतःच स्वतःला मुदत घालणं म्हणजे वेडेपणा नाही का? समोरचा नुसता बसून राहील.

तेव्हाही हेच म्हणत होते. पण त्याने दुसरी बाजू पण बांधून ठेवली होती. ७ जुलैला संसदेत सांगितलं की जमलं नाही तर जायच्या आधी माझं शेवटचं काम म्हणजे सक्तीच्या भरतीतले जवान इंडोचायनाला पाठवायचा प्रस्ताव. तोवर तिथे फक्त पगारी सैन्य लढत होतं, त्यामुळे ही धमकी समोरच्यांनाही कळली आणि घरच्यांनाही. शिवाय परराष्ट्र खातं स्वतःकडेच ठेवलं, २३ जूनला स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जाऊन चीनचे पंतप्रधान चाऊ एन लायना थेट भेटला, जेव्हा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री डलेस त्यांच्याशी हात मिळवायला पण तयार नव्हता. व्हिएतनामची फाळणी कुठे करायची यावर जिनिव्हाच्या शांतता परिषदेत घासाघीस झाली, व्हिएतमिन्ह (होची मिन्हची बाजू) म्हणे तेरावा अक्षांश, फ्रेंच म्हणे अठरावा, शेवटी सतराव्यावर ठरलं.

घड्याळं थांबवली होती म्हणतात?

हो! २० जुलैला रात्री सगळं ठरत आलं आणि कंबोडियाचा प्रतिनिधी अडून बसला, आमचे मुद्दे घेतल्याशिवाय सही नाही. बारा वाजून गेले. मग जिनिव्हातल्या त्या वास्तूतली घड्याळं मध्यरात्रीवर थांबवून ठेवली, सह्या प्रत्यक्षात २१ च्या पहाटे झाल्या, कागदावर तारीख २० जुलै. पैज जिंकली.

त्या करारातलं मोठं भगदाड पण सांगायला हवं. दोन वर्षांत, १९५६ मध्ये, सगळ्या व्हिएतनाममध्ये निवडणुका व्हायच्या होत्या. त्या झाल्याच नाहीत. अमेरिकेने अंतिम जाहीरनाम्याला मान्यता दिलीच नव्हती. पुढचं युद्ध तिथूनच उगवलं. फ्रान्स सुटला, व्हिएतनामी माणूस नाही सुटला.

जिनिव्हात भारताचं काय काम होतं?

अधिकृत काहीच नाही, आणि तरी बरंच. नेहरूंनी कृष्ण मेनन यांना पाठवलं होतं. त्यांना टेबलावर जागा नव्हती, पण या हॉटेलातून त्या हॉटेलात, चाऊकडून ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ईडन यांच्याकडे आणि ईडनकडून मेंदेस फ्रान्सकडे त्यांच्या फेऱ्या चालू. परिषद टेबलावरच्या नऊ जणांची आणि दहावा भारत, असं मेंदेस फ्रान्स म्हणाल्याचं सांगतात. नंतर युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं, सोबत कॅनडा आणि पोलंड.

पाँडिचेरी यानेच दिलं का आपल्याला?

'दिलं' म्हणताना जरा जपून. तिथल्या लोकांनी आधीच हलवून सोडलं होतं. व्ही. सुब्बय्यांसारखे नेते वर्षानुवर्षं लढत होते, गूबेरसारखा फ्रेंचांचा जुना माणूसही बाजू बदलून आला होता, १३ जून १९५४ ला यानम आणि १६ जुलैला माहे फ्रेंचांच्या हातून गेलेलं. पॅरिसमधली बोलणी याच्या आधीच्या सरकारच्या काळात जूनच्या सुरुवातीला फिसकटली होती. हा आल्यावर दार उघडलं, एवढं श्रेय त्याचं.

अडचण फ्रेंच राज्यघटनेची होती. कलम २७ प्रमाणे लोकांच्या संमतीशिवाय प्रदेश सोडता येत नव्हता. भारताला सरसकट सार्वमत नको होतं. मग मधला मार्ग, निवडून आलेल्या प्रतिनिधींनी मत द्यायचं. १८ ऑक्टोबर १९५४ ला कीळूर या खेड्यात १७८ जण जमले, १७० भारताच्या बाजूने, ८ विरोधात. २१ ऑक्टोबरला दिल्लीत करार आणि १ नोव्हेंबरला पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम भारताकडे. गोळी नाही, सैन्य नाही.

कायदेशीर हस्तांतर मात्र लटकलं. करार १९५६ मध्ये झाला, पण फ्रेंच संसदेने मान्यता द्यायला १९६२ उजाडलं, कारण अल्जेरिया पेटला असताना 'आपण इथे तिथे प्रदेश सोडतोय' हे कोणालाच बोलायचं नव्हतं. म्हणून पाँडिचेरीला दोन तारखा आहेत, १ नोव्हेंबर आणि १६ ऑगस्ट. आणि नागरिकत्वाचा पर्याय दिल्यामुळे आजही तिथे फ्रेंच निवडणुकीत मत देणारी तमिळ घरं आहेत. बीचवर फोटो काढून येणाऱ्या आपल्या मंडळींना हे कोणी सांगत नाही.

मग गोवा का नाही सुटला तेव्हाच? पोर्तुगीजांना असा कोणी भेटला नाही?

नाही भेटला, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार भेटला. ज्या आठवड्यांत जिनिव्हाच्या सह्या होत होत्या त्याच आठवड्यांत इकडे दादरा आणि नगर हवेली मुक्त होत होतं, २ ऑगस्टला सिल्वासा, आणि त्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी आपली माणसं होती. फ्रेंच निघाले तर पोर्तुगीजही निघतील अशी आशा होती. पण सालाझारने १९५१ मध्येच कागदावर वसाहतींचे 'समुद्रापारचे प्रांत' करून टाकले होते, म्हणजे गोवा म्हणजे पोर्तुगालच, चर्चा कसली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. शेवटी १९ डिसेंबर १९६१.

ट्युनिशियाचं काय?

जिनिव्हानंतर दहा दिवसांत, ३१ जुलैला, अचानक विमानाने ट्युनिसला. सोबत मार्शल ज्युआँ, कारण लष्करातला कट्टर माणूस बरोबर असला की उजव्यांची तोंडं बंद. कार्थेजला भाषण करून अंतर्गत स्वायत्तता जाहीर केली. १९५६ मध्ये ट्युनिशिया स्वतंत्र झाला.

एवढा उदार होता तर अल्जेरियात काय झालं?

इथे त्याच्या चाहत्यांची, म्हणजे माझी पण, पंचाईत होते. तारीख बघा, १ नोव्हेंबर १९५४. पाँडिचेरीत तिरंगा चढला त्याच दिवशी अल्जेरियात बंडाचा स्फोट झाला. आणि १२ नोव्हेंबरला हाच माणूस संसदेत म्हणतो की अल्जेरियाचे जिल्हे फ्रेंच प्रजासत्ताकाचा भाग आहेत, तिथे तडजोड नाही. त्याचा गृहमंत्री फ्रांस्वा मितराँ, तो तर म्हणे अल्जेरिया म्हणजे फ्रान्स. सैन्य पाठवलं.

आता हे वाक्य आणि सालाझारचं गोव्याबद्दलचं वाक्य शेजारी शेजारी ठेवा. फरक शोधून दाखवा. त्याच्या बाजूने सांगतात की तिथे दहा लाखाच्या आसपास युरोपीय वस्ती होती, संसदेत त्यांचे खासदार होते, दुसरं काही बोलला असता तर सरकार दुसऱ्या दिवशी पडलं असतं. असेल. पण तिथल्या मुसलमानांना बरोबरीचं मत नव्हतं हे त्याला माहीत होतं, सुधारणा करायचं मनात होतं, आणि तरी पहिला शब्द तो निघाला. नंतर विचार बदलला, १९५६ मध्ये गी मोलेच्या सरकारात बिनखात्याचा मंत्री असताना नुसत्या बंदुकीने चालणार नाही म्हणून २३ मे ला राजीनामा दिला.

दुधाचं प्रकरण काय आहे?

फ्रान्समध्ये तेव्हा दारूचा प्रश्न भयंकर, लहान पोरांच्या जेवणातही पाणी घातलेली वाईन असायची. याने शाळांमध्ये दूध वाटप सुरू केलं, स्वतः समारंभात, परदेश दौऱ्यातही दुधाचा ग्लास हातात घेऊन फोटो काढले. शिवाय घरच्या घरी दारू गाळायची जी जुनी सवलत होती तिला हात घातला. आणि याचा मतदारसंघ कुठला, तर नॉर्मंडी, सफरचंदाची दारू गाळणाऱ्यांचं माहेर! (दुधाचं पण माहेर तेच, म्हणा.) व्यंगचित्रकारांची चंगळ झाली, 'मेंदेस लोलो' नाव पडलं, लोलो म्हणजे पोरांच्या बोलीत दूध, आपल्या 'दुदू' सारखं. पण सगळं हसण्यावारी नव्हतं. दुकानदारांचा पुढारी पूजाद वाईन न पिणारा हा फ्रेंच कसला असं म्हणायचा आणि त्याच्या आत ज्यूद्वेष उघड होता. पूजादच्या यादीतून १९५६ ला निवडून आलेला एक तरुण खासदार पुढे संसदेतच याला म्हणाला की तुमच्याबद्दल देशभक्तांना जवळजवळ शारीरिक किळस वाटते. त्या खासदाराचं नाव झाँ-मारी ल पेन, पुढे फ्रान्समधल्या अतिउजव्यांचा पुढारी.

सरकार पडलं कशामुळे?

शत्रूंची यादी करा म्हणजे कळेल. दारूवाले. साम्राज्यवाले, ज्यांना तो वसाहती भंगारात काढणारा वाटायचा. ख्रिश्चन डेमोक्रॅट, कारण युरोपची एकत्र सेना उभारायचा करार याने ३० ऑगस्ट १९५४ ला संसदेत सरकार पणाला न लावता मताला टाकला आणि तो ३१९ विरुद्ध २६४ ने पडला. त्यांनी ते शेवटपर्यंत माफ केलं नाही. कम्युनिस्ट, कारण मग पश्चिम जर्मनीला नाटोत घ्यायला याने संमती मिळवली. शेवटचा घाव त्याच्याच पक्षातल्या रने मायेरने घातला, उत्तर आफ्रिकेच्या धोरणावरून. ५ फेब्रुवारी १९५५ च्या पहाटे ३१९ विरुद्ध २७३. मतदानानंतर बोलायची पद्धत नव्हती, हा तरी उभा राहिला, आणि बाकं आपटून त्याला बोलू दिलं नाही. पुढचा पंतप्रधान झाला एदगार फोर, त्याच्याच मंत्रिमंडळातला.

त्यानंतर पुन्हा सत्ता का नाही मिळाली?

अर्धं नशीब, अर्धा हट्ट. १९५६ च्या निवडणुकीत त्याच्या नावावर मतं पडली आणि पंतप्रधान झाला मोले. १९५७ मध्ये युरोपच्या सामाईक बाजाराच्या करारालाही विरोध केला. १९५८ मध्ये अल्जीअर्सच्या लष्करी दबावाखाली द गॉल परत आला तेव्हा याने विरोधात मत दिलं, माणसाला नाही, पद्धतीला. त्याच वर्षी स्वतःची जागा गेली. राष्ट्रपती थेट निवडणं त्याला पटतच नव्हतं, म्हणून स्वतः त्या शर्यतीत उतरला नाही. १९६७ ला ग्रनोब्लमधून जिंकला, मे १९६८ मध्ये विद्यार्थ्यांच्या शार्लेती स्टेडियमवरच्या सभेला गेला, तिथे एक शब्द बोलला नाही, पण गेला हेच पुरलं, आणि जूनमध्ये थोडक्यात हरला. १९६९ ला समाजवादी गास्ताँ दफेर राष्ट्रपतिपदाला उभा होता, हा त्याचा जाहीर केलेला पंतप्रधान, जोडीला मतं पाच टक्के. वाईट वाटतं वाचून.

घरचं कोण?

बायको लिली सिक्यूरेल, कैरोतल्या मोठ्या दुकानदार ज्यू घराण्यातली, चित्रकार. लग्न १९३३, दोन मुलगे. ती १९६७ ला गेली, १९७१ ला दुसरं लग्न.

मितराँशी नातं कसं होतं?

अवघड. १९५४ मध्ये संरक्षणाची गुपितं कम्युनिस्टांपर्यंत फुटत होती, संशय गृहमंत्री मितराँवर ढकलला गेला, आणि मेंदेस फ्रान्सने चौकशी चालू असताना त्याला जवळपास दोन महिने सांगितलंच नाही. मितराँ निर्दोष ठरला, पण ती गाठ बसली ती बसली. तरी २१ मे १९८१ ला मितराँ राष्ट्रपती झाला तेव्हा एलिझे राजवाड्यात रांगेतल्या या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याने मिठी मारली आणि तुमच्याशिवाय हे झालं नसतं असं म्हणाला. म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी होतं, फोटो मिळतो शोधलात तर.

मृत्यू कधी?

१८ ऑक्टोबर १९८२, पॅरिसमध्ये घरी, टेबलावर काम करता करता. जुलैमध्येच इस्रायल आणि पॅलेस्टिनींनी एकमेकांना मान्य करावं म्हणून दोन ज्यू नेत्यांबरोबर पत्रक काढलं होतं. आणि १८ ऑक्टोबर म्हणजे कीळूरच्या मतदानाचीही तारीख, अठ्ठावीस वर्षांनी. निव्वळ योगायोग आहे, पण पाँडिचेरीकडे कधी गेलात तर कीळूरला पण जाऊन या, जिथे मतदान झालं तिथे स्मारक आहे.